कुर्डुवाडी जंक्शन आणि दातांचे उपचार : ओव्हरबाईट व दंतरोपण यांच्या इतिहासाचा प्रादेशिक विचार

प्रस्तावना :

वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुधा शोधांच्या क्रमाने लिहिला जातो. कोणत्या वर्षी, कोणत्या देशात, कोणी कोणता शोध लावला यांची नोंद केली की तो इतिहास पूर्ण झाला असे मानण्याची प्रथा आहे. परंतु एखादा शोध लागणे आणि तो तालुक्यातील एखाद्या गावच्या रुग्णापर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या घटना होत. या दोहोंमध्ये अनेकदा एक-दोन पिढ्यांचे अंतर पडते आणि त्या काळात रुग्णाच्या शरीरावर जे परिणाम होतात, ते नंतर आलेल्या उपचारालाही पूर्णपणे पुसून टाकता येत नाहीत. दंतवैद्यक हे याचे ठळक उदाहरण आहे.

प्रस्तुत लेखात दातांच्या दोन उपचारांच्या इतिहासाचा विचार केला आहे. पहिला उपचार म्हणजे ओव्हरबाईट या दोषाची दुरुस्ती आणि दुसरा म्हणजे गमावलेल्या दाताच्या जागी हाडात कृत्रिम मूळ बसविणे, अर्थात दंतरोपण. या विचारासाठी सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातील कुर्डुवाडी हे गाव संदर्भबिंदू म्हणून घेतले आहे. कुर्डुवाडी हे रेल्वेमुळे वाढलेले गाव असून येथून सोलापूर, पुणे, मुंबई, लातूर, पंढरपूर व मिरज या सर्व दिशांना जाता येते. त्यामुळे उपचार आणि अंतर यांचा संबंध तपासण्यासाठी हे गाव विशेष उपयुक्त ठरते.

संज्ञांचा विचार :

तोंड मिटल्यावर वरचे पटाशीचे दात खालच्या पटाशीच्या दातांना वरून थोडे झाकतात. हे झाकणे साधारण २ ते ३ मिलिमीटर, म्हणजे खालच्या दाताच्या सुमारे एक तृतीयांश उंचीइतके असेल, तर ते स्वाभाविक मानले जाते. या उभ्या झाकणीला ओव्हरबाईट म्हणतात. ती प्रमाणाबाहेर वाढली की खालचे दात जवळजवळ दिसेनासे होतात आणि काही वेळा ते वरच्या टाळूला टेकतात. वरचे दात समोरच्या दिशेने बाहेर येणे हा याहून वेगळा दोष होय. त्याला ओव्हरजेट अशी संज्ञा आहे. व्यवहारात या दोन्ही दोषांना सरसकट ओव्हरबाईट म्हटले जाते.

येथे मराठी भाषेतील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ‘दात पुढे आहेत’ हा शब्दप्रयोग घरोघरी आहे. मात्र चावा खोल असण्याला बोलीत प्रचलित असा स्वतंत्र शब्द नाही. याचे कारण उघड आहे. पुढे आलेले दात समोरच्या माणसाला दिसतात, तर खोल चावा झाकलेला राहतो. खालच्या दातांची झीज होणे, टाळूला वा हिरडीला इजा होणे या गोष्टी वर्षानुवर्षे नकळत घडत राहतात. ज्या दोषाला लोकव्यवहारात नाव नाही, त्या दोषासाठी उपचाराची मागणीही निर्माण होत नाही. या दोषाच्या सामाजिक इतिहासात हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

प्राचीन भारतीय वैद्यकातील दृष्टी :

दातांची वाकडी-तिकडी ठेवण हा दोष भारतीय वैद्यांना अपरिचित नव्हता. माधवनिदानात ‘कराल’ या नावाने अशा दंतरोगाचे वर्णन येते. दातांचा आश्रय घेतलेला वायू त्यांना हळूहळू विकट करतो असे तेथे म्हटले असून, हा रोग असाध्य मानला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही ‘कराल’ ही संज्ञा आढळते. म्हणजे दोष ओळखला गेला होता, त्याला नाव होते. उपचार मात्र नव्हता.

हललेल्या दातांविषयी सुश्रुतसंहितेचा विचार अधिक व्यवहारी आहे. अस्थिभंगाच्या चिकित्सेत असे सांगितले आहे की, तरुण माणसाचे दात न मोडता केवळ हलले असतील व रक्त येत असेल, तर ते दाबून जागी बसवावेत, बाहेरून थंड लेप द्यावा आणि रुग्णाला कमळाच्या देठातून दूध पाजावे. वृद्धाचे हललेले दात मात्र सोडून द्यावेत. दाताला आधार देणारे हाड वयानुसार वेगळे वागते हे निरीक्षण येथे स्पष्ट दिसते. पुढे दोन्ही आधुनिक उपचारांच्या केंद्रस्थानी हाच प्रश्न आलेला आढळतो.

दोन आधुनिक धारा : हलणारे हाड व धरून ठेवणारे हाड :

दात सरळ करण्याच्या आधुनिक शास्त्राचा आरंभ सामान्यतः फ्रान्समधील पिएर फोशार यांच्या १७२८ च्या ग्रंथापासून मानला जातो. धातूच्या पट्टीला दात बांधून ते जागी आणण्याची पद्धत त्यांनी वर्णिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील नॉर्मन किंग्जली यांनी टाळूवर बसणाऱ्या पट्टीच्या साहाय्याने खालचा जबडा पुढे आणण्याचा प्रयत्न केला. १८९९ मध्ये एडवर्ड अँगल यांनी दातांच्या ठेवणीचे तीन वर्गांत वर्गीकरण केले. त्यातील दुसऱ्या वर्गाच्या दुसऱ्या उपविभागात, जेथे वरचे मधले दात आत झुकलेले असतात, खोल ओव्हरबाईट विशेषत्वाने आढळतो. १९७७ मध्ये स्कॉटलंडमधील विल्यम क्लार्क यांनी ट्विन ब्लॉक हे काढता-घालता येणारे उपकरण विकसित केले. वाढत्या वयातील मुलांचा खालचा जबडा पुढे ठेवून ते कार्य करते.

या सर्व पद्धतींमागील तत्त्व एकच आहे. दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचे एक पातळ आवरण असते. दातावर सौम्य व सातत्याने दाब दिला की एका बाजूचे हाड झिजते, दुसऱ्या बाजूला नवे हाड तयार होते आणि दात सरकतो. ही क्रिया संथ असते. म्हणूनच तारेचा उपचार साधारण दीड ते दोन वर्षे चालतो आणि दर चार ते सहा आठवड्यांनी तपासणी करावी लागते.

दंतरोपणाचा इतिहास याच्या उलट दिशेने गेला. स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे १९५० च्या दशकाच्या आरंभी सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. निरीक्षणासाठी हाडात बसविलेली टायटॅनियमची साधने नंतर निघेनात. हाड त्या धातूला घट्ट चिकटले होते. या आकस्मिक निरीक्षणातून १९६५ मध्ये योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची मुळे बसविण्यात आली आणि ती रुग्णाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, टिकली. तरीही व्यवसायाने ही पद्धत लगेच स्वीकारली नाही. १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतरच तिला व्यापक मान्यता मिळाली.

येथे दोन्ही उपचारांतील मूलभूत भेद लक्षात येतो. तारेचा उपचार हाड बदलते म्हणून शक्य होतो, तर रोपण हाड घट्ट धरून ठेवते म्हणून टिकते. रोपित दाताभोवती तंतूंचे आवरण नसते, त्यामुळे तो सरकत नाही. वाढत्या वयाच्या मुलाच्या जबड्यात रोपण केले, तर शेजारचे दात जबड्याबरोबर पुढे व खाली येतात आणि रोपित दात मागे राहतो. यास्तव वाढ पूर्ण होईपर्यंत रोपण करीत नाहीत. तसेच एकाच रुग्णाला दोन्ही उपचार हवे असतील, तर सर्वसाधारणपणे आधी दात जागी आणले जातात व नंतर रोपण होते.

या दोन धारा एकत्र आल्या त्या ओव्हरबाईटच्याच निमित्ताने, ही बाब इतिहासदृष्ट्या उल्लेखनीय आहे. दात हलवायचा तर कशाचा तरी आधार घ्यावा लागतो. तो आधार शेजारच्या दातांचा घेतला तर तेही हलतात. १९४५ मध्ये गेन्सफोर्थ व हिगली यांनी कुत्र्यांच्या जबड्यात धातूचे स्क्रू बसवून हा प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न केला, परंतु स्क्रू टिकले नाहीत. १९८३ मध्ये अमेरिकेतील क्रीकमोर व एकलंड यांनी खोल ओव्हरबाईट असलेल्या एका रुग्णाच्या नाकाखालील हाडात स्क्रू बसवून वरचे पटाशीचे दात सुमारे ६ मिलिमीटर वर उचलले. १९९७ मध्ये जपानमधील कानोमी यांनी याच कामासाठी अतिशय लहान स्क्रूचा वापर वर्णिला. त्यानंतर असे लहान स्क्रू जगभर रूढ झाले. काम संपल्यावर ते काढून टाकले जातात.

महाराष्ट्रातील दंतशिक्षण आणि कुर्डुवाडीचे स्थान :

भारतातील पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकाता येथे सुरू केले. मुंबईतील नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ चे होय. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने व्यवसायाला देशपातळीवर चौकट मिळाली. या कायद्याने नोंदणीचे दोन भाग केले होते. ‘अ’ भागात मान्यताप्राप्त पदवीधर आणि ‘ब’ भागात पदवी नसलेले परंतु पूर्वीपासून हा व्यवसाय उपजीविका म्हणून करणारे यांचा समावेश झाला. पदवीधरांची संख्या अल्प असल्याने ही तडजोड अपरिहार्य होती. १९६५ मध्ये इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटीची स्थापना झाली. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ मध्ये, तर तत्कालीन औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील १९८२ मध्ये सुरू झाले. सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे, परंतु शासकीय दंत महाविद्यालय झाले नाही. पुढे खाजगी संस्थांनी पुणे, सोलापूर, लातूर, सांगली या ठिकाणी दंत महाविद्यालये काढली. अलीकडे, २०२३ मध्ये, संसदेने १९४८ च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला.

या कालपटाशेजारी कुर्डुवाडीचा कालपट ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८५९ मध्ये येथवर आली. तेव्हा या स्थानकाला बार्शी रोड असे नाव होते. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेने येथून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग सुरू केला. तो १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत, १९११ मध्ये लातूरपर्यंत आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचला. १९५४ मध्ये ही रेल्वे सरकारने ताब्यात घेतली व एकविसाव्या शतकाच्या आरंभी तिचे टप्प्याटप्प्याने रुंदीकरण झाले. म्हणजे नायर दंत महाविद्यालयाची स्थापना झाली तेव्हा कुर्डुवाडी हे मुंबई, सोलापूर, लातूर व मिरज यांच्याशी लोहमार्गाने जोडलेले होते. गाव दुर्गम कधीच नव्हते. तरीही सुलभ प्रवास आणि सुलभ उपचार या दोन गोष्टी एक नाहीत.

एक साधे गणित हे स्पष्ट करते. लोहमार्गाने कुर्डुवाडीपासून सोलापूर सुमारे ८०, पुणे सुमारे १८५ आणि मुंबई सुमारे ३७५ किलोमीटर आहे. तारेच्या उपचारासाठी २० फेऱ्या धरल्या, तर जाऊन-येऊन सोलापूरसाठी ३,२००, पुण्यासाठी ७,४०० आणि मुंबईसाठी १५,००० किलोमीटर प्रवास होतो. मुलाबरोबर एक पालक जाणार, त्याचा त्या दिवसाचा रोजगार बुडणार आणि मुलाची शाळा बुडणार. या उलट दाढ काढण्यासाठी एक फेरी पुरते. तोंडाच्या उपचारांत कोणता पर्याय निवडला जातो हे ठरविण्यात या फेऱ्यांच्या संख्येचा वाटा मोठा असतो.

एका फेरीचा उपचार आणि त्याचे परिणाम :

पदवीधर दंतवैद्य गावोगावी पोहोचण्यापूर्वी दात काढणे हाच प्रमुख उपचार होता. आठवडे बाजारात व यात्रांमध्ये दात काढणारे आणि कृत्रिम दात शेजारच्या दातांना चिकटवून वा बांधून देणारे कारागीर असत. दाढ दुखली की काढणे यात रुग्णालाही वावगे वाटत नसे, कारण वेदना थांबत असे. मात्र तिचा परिणाम दूरगामी होता.

मागच्या दाढा तोंड मिटताना जबड्यांमधील उंची टिकवून धरतात. त्या एकामागून एक गेल्या की रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरच्या जबड्यातील दात लांबतात, चावण्याचा सारा भार पटाशीच्या दातांवर येतो आणि चावा आणखी खोल होत जातो. म्हणजे मुळात ओव्हरबाईट असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत दाढ काढण्याचा उपचार त्या दोषात भर घालतो. याशिवाय दात काढल्यानंतर त्या जागेचे हाड खचू लागते आणि ही घट पहिल्या वर्षात सर्वाधिक असते. पुढे वीस वर्षांनी त्याच व्यक्तीला दंतरोपण हवे झाले, तर रोपणासाठी हाड अपुरे पडते, खोल चाव्यामुळे वरच्या टोपीला पुरेशी उंची मिळत नाही आणि समोरच्या रोपित दातावर तिरका भार येतो. आज ज्या रुग्णाला ‘रोपण कठीण आहे’ असे सांगितले जाते, त्याच्या अडचणीचे मूळ अनेकदा पूर्वी उपलब्ध असलेल्या एकमेव उपचारात असते.

तंबाखूचाही येथे उल्लेख आवश्यक आहे. भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना लावण्याची सवय महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, विशेषतः स्त्रियांमध्ये, दीर्घकाळ राहिली आहे. तंबाखूने हिरड्यांचे व दाताभोवतीच्या हाडाचे नुकसान होते आणि धूम्रपानामुळे रोपण अयशस्वी होण्याचा धोका वाढतो. कुर्डुवाडीपासून सुमारे ३५ किलोमीटरवर असलेल्या बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. या भागातील तोंडाच्या आरोग्याचा विचार केवळ दातांपुरता करता येत नाही याची ही संस्था साक्ष देते.

वय, विवाह आणि उपचाराची वेळ :

ओव्हरबाईटच्या उपचाराचे पर्याय वयानुसार बदलतात. दुधाचे दात पडून कायमचे दात येण्याच्या काळात, तसेच वाढ जोमात असताना, टाळूवरील पट्टी किंवा ट्विन ब्लॉकसारखे उपकरण जबड्याच्या वाढीचाच उपयोग करून घेते. हा पर्याय तुलनेने कमी खर्चाचा आहे. किशोरवयात तारेने पटाशीचे दात आत दाबणे किंवा दाढा थोड्या वर आणणे शक्य असते. वाढ पूर्ण झाल्यावर केवळ दात हलविता येतात. जबड्यांतील तफावत मोठी असेल तर शस्त्रक्रिया करावी लागते. अशा शस्त्रक्रियेची आजची प्रमुख पद्धत १९५० च्या दशकात ह्यूगो ओब्वेगेझर यांनी प्रस्थापित केली. अर्थात पर्याय जितका उशिरा, तितका तो महाग व अवघड होत जातो.

समाजव्यवहारात मात्र उपचाराची आठवण नेमकी उशिरा होते. मुलीचे दात पुढे आहेत ही गोष्ट दहाव्या-अकराव्या वर्षी घरच्यांना दिसत असली, तरी ती ‘अडचण’ ठरते ते लग्नाची बोलणी सुरू झाल्यावर. त्या वेळी दोन वर्षे तार लावण्यास सवड नसते. परिणामी पुढे आलेले निरोगी दात काढून तेथे कृत्रिम दात बसविणे किंवा दात कापून त्यांवर टोप्या घालणे असे झटपट मार्ग स्वीकारले जातात. तरुण वयात गमावलेल्या निरोगी दाताची किंमत पुढील चाळीस-पन्नास वर्षे मोजावी लागते. मुलांच्या बाबतीत हा दोष अनेकदा दुर्लक्षितच राहतो, कारण त्यांना रूपाविषयी असा प्रश्न सहसा विचारला जात नाही. दोन्ही ठिकाणी निर्णय आरोग्यावरून न होता दिसण्यावरून होतो.

अलीकडील काळात परिस्थिती बदलली आहे. तालुक्याच्या गावांत पदवीधर दंतवैद्यांचे दवाखाने सुरू झाले असून, दात सरळ करणारे तज्ज्ञ महिन्यातील ठरावीक दिवशी शहरातून अशा दवाखान्यांत येतात. पूर्वी रुग्ण प्रवास करीत असे, आता तज्ज्ञ प्रवास करतो. तारेच्या उपचारातील फेऱ्यांचा प्रश्न या व्यवस्थेने बऱ्याच अंशी सोडविला आहे. मात्र तज्ज्ञाचे येणे मध्येच थांबले, तर तोंडात तार असलेला रुग्ण अधांतरी राहतो ही तिची मर्यादा आहे. दंतरोपणाला फेऱ्या कमी लागतात, पण एकरकमी खर्च मोठा असतो. त्यामुळे ज्याच्याकडे वेळ नाही पण पैसा आहे त्याला रोपण, आणि ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याला कवळी किंवा रिकामी जागा, अशी विभागणी होते.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून काही बाबी स्पष्ट होतात. ओव्हरबाईटचा उपचार व दंतरोपण हे बाजारात शेजारी ठेवलेले दोन पर्याय नव्हेत. एक हाडाच्या बदलण्यावर, तर दुसरा हाडाच्या स्थिर राहण्यावर अवलंबून असल्याने त्यांचा क्रम व वय ठरलेले आहे. दुसरे असे की, कुर्डुवाडीसारख्या गावात लोहमार्ग दंत महाविद्यालयांच्या कितीतरी आधी पोहोचला, तरी दीर्घ मुदतीचे उपचार त्याबरोबर आले नाहीत. त्यांच्या अभावी दात काढण्याचा जो उपचार रूढ झाला, त्याने पुढील पिढीच्या उपचारांची वाट अधिक कठीण केली.

या इतिहासाचा व्यावहारिक बोध शाळेशी निगडित आहे. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शालेय मुलांच्या तपासणीत दंतविकारांचा समावेश आहे. कीड शोधण्याबरोबरच तोंड मिटायला सांगून खालचे दात दिसतात की नाही एवढे पाहिले आणि नवव्या ते बाराव्या वर्षांच्या दरम्यान त्याची नोंद पालकांना दिली, तरी खोल चाव्याची पुष्कळ मुले वेळेवर लक्षात येतील. या पाहणीस यंत्र लागत नाही, खर्चही लागत नाही. माधवनिदानाने असाध्य म्हणून सोडून दिलेला विकार आज साध्य झाला आहे. तो कोणासाठी साध्य होतो हे मात्र अद्याप मुलाच्या वयाच्या दहाव्या वर्षी त्याच्या तोंडात कोणी पाहिले की नाही यावर अवलंबून आहे.